शाळेसमोरचा रस्ता

पादचाऱ्याची सुरक्षितता सर्वांत आधी वाहनाच्या वेगावर ठरते. समोर अडथळा दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ३० किलोमीटरने येणारी गाडी तेवढ्यात सव्वाआठ मीटर पुढे सरकते आणि रस्ता कोरडा असेल तर ब्रेक लागल्यावर आणखी पाच मीटरमध्ये थांबते. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी त्या पहिल्या सेकंदातच चौदा मीटर ओलांडते. चौदा मीटरवर एखादे मूल रस्त्यात आले, तर पहिली गाडी त्याच्या अलीकडे उभी राहिलेली असते. दुसरी जवळजवळ पूर्ण वेगाने त्याच्यावर आदळते. वेग दुपटीनेही वाढलेला नसतो, पण धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती सुमारे पावणेतीन पट होते. फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात माणसे आणि वाहने एकत्र वावरतात अशा रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा सुचवली गेली, तिच्यामागे हेच गणित आहे.

मुलांच्या बाबतीत हे गणित आणखी कठोर होते. पहिली-दुसरीतल्या मुलाचे डोके उभ्या मोटारीच्या बॉनेटच्या फारसे वर येत नाही. फुटपाथला लागून गाड्या उभ्या असल्या की त्याला रस्ता दिसत नाही आणि चालकाला ते दिसत नाही. रस्ता पाहण्यासाठी त्याला दोन गाड्यांच्या फटीतून पुढे यावे लागते, म्हणजे रस्त्यातच यावे लागते. समोरून येणाऱ्या वाहनाचा वेग आणि अंतर यांचा मेळ घालण्याची क्षमताही या वयात पुरती विकसित झालेली नसते. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ स्टीना सँडेल्स यांनी १९६० च्या दशकातच लहान मुलांच्या रस्त्यावरील वागणुकीचा अभ्यास करून स्पष्ट सांगितले होते, की केवळ शिकवून लहान मूल आधुनिक रहदारीसाठी तयार होत नाही. रहदारीलाच मुलाशी जुळवून घ्यावे लागेल. ‘आधी उजवीकडे बघ, मग डावीकडे’ हा धडा आवश्यकच आहे, पण सगळा भार त्यावर टाकणे म्हणजे मोठ्यांनी आपली जबाबदारी सात वर्षांच्या खांद्यावर, दप्तराच्या जोडीला, ठेवण्यासारखे आहे.

रस्ता ओलांडण्याची सर्वांत परिचित सोय म्हणजे झेब्रा क्रॉसिंग. ब्रिटनमध्ये १९४९ पासून त्याचे प्रयोग झाले आणि १९५१ मध्ये ते अधिकृतपणे रस्त्यावर आले. भारतात सिग्नल नसलेल्या क्रॉसिंगवर पादचाऱ्याला प्रथम जाण्याचा हक्क १९८९ च्या रस्ता नियमांपासून आहे. व्यवहारात मात्र पट्ट्यांवर उभा असलेला माणूस हात दाखवत गाड्यांची दया येण्याची वाट पाहतो आणि सिग्नल लाल असतानाही दुचाक्यांची पहिली रांग पट्ट्यांवरच थांबलेली असते. रंगाने गाडी थांबत नाही. दोन-तीन लेनच्या रस्त्यावर नुसते पट्टे मारले तर आणखी एक धोका तयार होतो: पहिल्या लेनमधली बस सौजन्याने थांबते, मूल पुढे पाऊल टाकते आणि बसच्या आड न दिसलेली दुचाकी पलीकडच्या लेनमधून येते. त्यासाठी स्टॉप लाइन पट्ट्यांपासून काही मीटर मागे आखणे हा स्वस्त उपाय आहे. थांबलेली बस मागे राहिली की पलीकडचे दिसते.

खरा फरक पडतो तो रस्त्याच्या बांधणीने. मोठ्या माणसाचा चालण्याचा वेग सेकंदाला सुमारे १.२ मीटर धरतात. लहान मुले आणि वृद्ध त्याहून हळू चालतात. चौदा मीटर रुंद रस्त्याला त्यांना पंधरा सेकंद लागू शकतात आणि तेवढा काळ दोन्ही बाजूंची रहदारी रिकामी मिळणे शहरात जवळपास अशक्य. मध्ये दुभाजकावर थांबायला पुरेशी रुंद, सपाट जागा दिली की काम निम्मे होते: एका वेळी एकाच बाजूला पाहायचे, सात मीटर ओलांडायचे. क्रॉसिंगपाशी फुटपाथ रस्त्यात थोडा पुढे आणला तर अंतर आणखी घटते आणि त्या जागी गाडी उभी करता येत नाही, हा वरचा फायदा. कोपऱ्याचे वळण आवळले की ‘फ्री लेफ्ट’ घेणाऱ्याला वेग कमी करावाच लागतो. सर्वांत परिणामकारक म्हणजे फुटपाथच्या पातळीला उचललेले क्रॉसिंग. त्यावर पादचारी खाली उतरत नाही, वाहनाला चढावे लागते. शाळेसमोर वेगमर्यादेची पाटी लावण्यापेक्षा ही चढण जास्त ठामपणे बोलते.

पादचारी पूल आणि स्कायवॉक यांचे तर्कशास्त्र याच्या उलट आहे. वाहने न थांबता जावीत म्हणून चालणाऱ्याने पाच-साडेपाच मीटर उंची चढून पुन्हा उतरायचे. रेल्वेमार्ग किंवा द्रुतगती रस्त्यावर त्याला पर्याय नसतो. मुंबईतही स्टेशनच्या पुलाला थेट जोडलेले काही स्कायवॉक वापरात राहिले. शहरातल्या साध्या रस्त्यावर मात्र दप्तर घेतलेली मुले आणि गुडघे दुखणारे आजी-आजोबा खालूनच जातात, आणि मग त्यांनाच बेशिस्त ठरवले जाते.

शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या अर्ध्या तासात धोका एकवटतो. यातली बरीच कोंडी पालकांच्याच दुचाक्या, मोटारी आणि स्कूल व्हॅनची असते, हे पालकसभेत फारसे कुणाला ऐकायला आवडत नाही. ब्रिटनने १९५३ च्या कायद्याने मुलांना रस्ता ओलांडून देण्यासाठी खास माणसे नेमण्याची सोय केली. हातात गोल फलक घेऊन ती रस्त्यात उभी राहतात आणि तो फलक दिसताच थांबणे चालकाला बंधनकारक असते. महाराष्ट्रातील अनेक शाळांत आरएसपीची (रोड सेफ्टी पेट्रोल) पथके आहेत, पण तिथे मुलांना शिस्त शिकवण्यावर भर असतो. वाहने अडवण्याचे काम प्रौढ आणि अधिकार असलेल्या माणसाचेच हवे. मुंबईत भायखळ्याच्या क्राइस्ट चर्च शाळेसमोर महापालिकेने रस्त्याचा भाग रंगवून आणि मुलांना वाहनांत चढण्या-उतरण्यासाठी वेगळी जागा आखून सुरक्षित शाळा परिसराचा प्रयोग केला. अशा प्रयोगात आधी रंग आणि हलवता येणारे खांब वापरतात, चुका दिसल्या की आखणी बदलतात आणि मगच सिमेंट ओततात. रस्ता बदलला की वागणूकही बदलते: पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ रुंद झाल्यावर लोक तिथे खरोखर चालू लागले.

हे बदल आपोआप होत नाहीत. नेदरलँड्समध्ये १९७१ या एका वर्षात ४०० हून अधिक मुले रस्त्यावर दगावली. त्यानंतर पालक रस्त्यावर उतरले, ‘बालहत्या थांबवा’ या नावाची चळवळ उभी राहिली, आणि आज सायकलींसाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या देशातले निवासी रस्ते बदलण्यात तिचा मोठा वाटा होता. भारतात २०२२ मध्ये ३२,८२५ पादचारी अपघातांत मरण पावले. रस्ता ठरलेल्या निकषांनुसार न बांधल्यामुळे मृत्यू झाला, तर कंत्राटदार किंवा संबंधित यंत्रणेला दंड करण्याची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथ वापरण्याचा पादचाऱ्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांत चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे; ती मोजायला घरातली टेप पुरते.

म्हणून पालक-शिक्षक संघांनी नुसता ‘गतिरोधक हवा’ असा अर्ज देऊ नये. गेटसमोर उचललेले क्रॉसिंग, दुभाजकात थांबण्याची जागा, क्रॉसिंगच्या दोन्ही बाजूंना पार्किंगबंदी आणि शाळेच्या वेळेत वाहतूक शाखेचा कर्मचारी, अशी नेमकी मागणी छायाचित्रे आणि मोजमापांसह वॉर्ड ऑफिस व वाहतूक शाखा या दोन्हीकडे एकाच वेळी द्यावी आणि पोच घ्यावी.