सोवेटो, आफ्रिकान्स आणि चौथीचा वर्ग

शाळेची भाषा आणि वंशभेद एकमेकांत किती गुंतलेले असतात हे पाहायचं तर दक्षिण आफ्रिकेकडे पाहावं. पण त्या देशाबद्दल आपल्याकडे ज्या समजुती आहेत, त्यांतल्या बऱ्याच अर्धवट आहेत.

गैरसमज: सोवेटोची मुलं गोऱ्यांच्या भाषेविरुद्ध उठली

ती भाषा म्हणजे आफ्रिकान्स, पण ती फक्त गोऱ्यांची कधीच नव्हती. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडच्या केपमध्ये डचांनी इंडोनेशियातून, बंगाल-मलबारकडून गुलाम आणले. ते आणि स्थानिक खोईखोई लोक यांच्या तोंडी डच भाषा बदलत बदलत आफ्रिकान्स झाली. एकोणिसाव्या शतकात केपचे मुसलमान ती अरबी लिपीत लिहीत होते. आजही ती घरी बोलणाऱ्यांत गोऱ्यांपेक्षा इतरांची संख्या जास्त आहे.

जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या काळ्यांच्या वस्तीतल्या मुलांचा राग या भाषेच्या सक्तीवर होता. काळ्या मुलांच्या शाळांत गणित आणि सामाजिक शास्त्रं आफ्रिकान्समधून शिकवायचं, असं फर्मान सरकारने १९७४ मध्ये काढलं. बहुतेक शिक्षकांनाच ती भाषा नीट येत नव्हती. शिक्षकांचा आणि पालकांचा विरोध कुणी कानावर घेतला नाही. १६ जून १९७६ रोजी हजारो विद्यार्थी सोवेटोच्या रस्त्यांवर उतरले आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. १२ वर्षांचा हेक्टर पीटरसन त्यात गेला. जुलैमध्ये फर्मान मागे घेतलं गेलं, पण तोवर देशभर आग पसरली होती.

गैरसमज: वर्णभेदी सरकारने मातृभाषेतलं शिक्षण नाकारलं

खरं तर उलट घडलं, आणि या साऱ्या इतिहासातली सर्वांत क्रूर गोष्ट मला हीच वाटते. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्यानंतर काळ्या मुलांना प्राथमिक शाळेची आठही वर्षं मातृभाषेतूनच शिकवलं जाऊ लागलं. त्यामागे झुलू किंवा खोसा या आफ्रिकी भाषांचं प्रेम नव्हतं. तेव्हाचे मंत्री हेंड्रिक फेरवूर्ट यांची भूमिका उघड होती: काही ठरावीक कष्टाच्या कामांपलीकडे गोऱ्यांच्या समाजात काळ्यांना जागा नाही, मग त्यांना शिकवायचं ते तेवढ्यापुरतंच. १९७५ च्या सुमारास सरकार गोऱ्या विद्यार्थ्यामागे वर्षाला सुमारे ६४४ रँड खर्च करत होतं, तर काळ्या विद्यार्थ्यामागे ४२.

मातृभाषेला असं हलक्या प्रतीच्या शिक्षणाशी जोडून टाकल्यावर आईबापांनी तिच्याकडे पाठ फिरवली तर त्यांना दोष कसा देणार? पुढे निवड हाती आली तेव्हा बहुतेकांनी इंग्रजी घेतली.

गैरसमज: इंग्रजी जितकी लवकर, तितकी पुढे चांगली

हा समज मराठी घरांतही पक्का आहे. स्टीफन टेलर आणि मारिसा फॉन फिंटेल यांनी २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिली ते तिसरी मातृभाषेतून शिकलेली मुलं पुढच्या वर्गांत इंग्रजीतसुद्धा अधिक चांगली ठरतात, असं त्यात आढळलं. मात्र मातृभाषा म्हणजे मुलाच्या घरात बोलली जाणारी भाषा, राज्याची भाषा नव्हे. मेळघाटातल्या कोरकू मुलाला मराठी माध्यमाची शाळासुद्धा परक्या भाषेचीच असते.

गैरसमज: आफ्रिकी भाषांतून शिकल्यामुळे मुलं वाचनात मागे राहतात

२०२१ च्या आंतरराष्ट्रीय वाचन चाचणीत दक्षिण आफ्रिकेतल्या चौथीच्या ८१ टक्के मुलांना वाचलेल्याचा अर्थ लागत नव्हता. इंग्रजी आणि आफ्रिकान्समधून चाचणी देणाऱ्यांचे गुण वर होते. त्यावरून भाषेलाच दोषी धरणं सोपं आहे, पण चूक आहे. त्या दोन भाषांच्या पुष्कळशा शाळा पूर्वीच्या गोऱ्यांच्या आहेत: ग्रंथालय असलेल्या, फी घेऊ शकणाऱ्या, लहान वर्गांच्या. झुलू-खोसाच्या वर्गांत गोष्टींची पुस्तकंच मोजकी. शिवाय या भाषांत प्रत्यय जोडून शब्द लांबलचक होतात. तिथे वाचन शिकवायची रीत वेगळी लागते, आणि ती शिक्षकांना क्वचितच शिकवली जाते.

त्यात तेव्हा चौथीत माध्यम एकदम इंग्रजी होत असे. मूल अजून वाचायला शिकत असतानाच, त्याने परक्या भाषेत वाचून विज्ञान शिकावं अशी अपेक्षा सुरू होत असे.

गैरसमज: १९९४ नंतर शाळा सर्वांना सारख्या खुल्या झाल्या

कायद्याने झाल्या. १९९६ च्या शाळा कायद्याने वंशावरून प्रवेश नाकारणं बंद केलं, पण फी आणि शाळेची भाषा ठरवण्याचा अधिकार पालकांचं बहुमत असलेल्या शाळा-समित्यांकडे दिला. रंग विचारायची गरजच उरली नाही. भाषा आणि फी यांनी तेच काम केलं. २०२४ मध्ये सही झालेल्या दुरुस्तीने भाषेबाबतचा अंतिम अधिकार प्रांताच्या शिक्षण प्रमुखांकडे गेला आणि त्यावर मोठं रान उठलं. २०२५ पासून चौथीचं गणित आणि विज्ञान मातृभाषा व इंग्रजी अशा दोन्ही भाषांतून शिकवायला सुरुवात झाली आहे. त्यासाठी खोसा-झुलूतली पाठ्यपुस्तकं आणि ती शिकवू शकणारे शिक्षक गरीब वस्त्यांतल्या शाळांना आधी मिळायला हवेत.