मोटारीची निवड आणि अँटिलॉक ब्रेक

शीत देशांत हिवाळी प्रवासासाठी मोटार घेताना अँटिलॉक ब्रेकचा विचार होतो, कारण तेथे त्या ऋतूत रस्त्यावर बर्फ साचतो. शहापूर व मुरबाड तालुक्यांतील हिवाळा बहुधा कोरडा. तेथे रस्ता निसरडा होतो तो पावसाळ्यात, विशेषतः कसारा व माळशेज घाटांत. तेव्हा प्रश्न हिवाळ्याचा नसून ओल्या रस्त्याचा आहे.

संज्ञेचा अर्थ तिच्या घटकांतच आहे. ‘लॉक’ म्हणजे चाक जखडणे. ‘अँटि’ या उपसर्गाने त्याचाच प्रतिबंध सूचित होतो. गाडी लवकर थांबेल, असे ही संज्ञा सांगत नाही. पुढची चाके जखडून घसरू लागली, की स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. ही यंत्रणा चाकांचा वेग मोजून ब्रेकचा दाब सेकंदात अनेक वेळा सोडते व पुन्हा देते. म्हणून जोराने ब्रेक दाबला असताही गाडी वळवता येते. पायाखाली कंप जाणवला, तरी पाय उचलू नये.

ओल्या डांबरावर थांबण्याचे अंतरही सामान्यतः घटते. सुट्या खडीवर मात्र ते वाढू शकते. कारण जखडलेल्या चाकापुढे खडीचा जो अडसर साचतो, तो फिरत्या चाकापुढे साचत नाही. झिजलेले टायर आणि उतारावर तापून मंदावलेले ब्रेक यांवर या यंत्रणेचा इलाज नाही.

भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींस ही यंत्रणा सक्तीची आहे. निवडीचा प्रश्न उरतो तो जुनी मोटार घेणाऱ्यापुढे. पावसात घाट ओलांडणाऱ्याने ही यंत्रणा असलेली गाडी अवश्य पसंत करावी. परंतु टायर प्रथम तपासावेत, आणि उतारावर भिस्त खालच्या गियरवर ठेवावी.