कमरेचा मणका सरकतो तेव्हा
कमरेचा एक मणका खालच्या मणक्यावरून पुढे सरकतो, त्या विकाराला स्पॉन्डिलोलिस्थेसिस म्हणतात. मणक्यांमधली गादी सरकणे हा आजार वेगळा. तरुणांत, विशेषतः वेगवान गोलंदाज आणि जिम्नॅस्टमध्ये, मणक्याच्या मागच्या कमानीतले अरुंद हाड सततच्या ताणाने तडकते आणि बहुधा पाचवा मणका त्रिकास्थीवरून पुढे येतो. पन्नाशीनंतर, स्त्रियांमध्ये अधिक, सांधे झिजून चौथा मणका पाचव्यावर सरकतो. अशा रुग्णाचे पाय थोडे चालले की भरून येतात. बसले किंवा पुढे वाकले की बरे वाटते. ही खूण फार मोलाची.

उभ्याने, बाजूने काढलेल्या एक्स-रेत सरकणे मोजतात: पाव भागापर्यंत पहिली श्रेणी, अर्ध्यापर्यंत दुसरी, पाऊणपर्यंत तिसरी, त्यापुढे चौथी. श्रेणी कमी म्हणजे दुखणेही कमी, असे मात्र नसते. नसांवरचा दाब एमआरआयमध्ये दिसतो.

बहुतेकांना वेदनाशामके, जड उचलणे टाळणे आणि पोट-पाठीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम पुरतात. मणका बसवून देतो म्हणणाऱ्याकडून झटके घेणे धोक्याचे. महिनोन्‌महिने दुखणे हटले नाही किंवा पायातली ताकद घटू लागली, तर शस्त्रक्रियेने नसा मोकळ्या करतात आणि गरजेनुसार स्क्रू-सळ्यांनी मणके जोडतात. लघवी अडली किंवा जांघेत बधिरपणा आला, तर तातडीने रुग्णालय गाठावे.