पिकअपच्या इंजिनात ताकद येते कुठून?

अमेरिकेत पिकअप ट्रक हे शेतावरचे, बांधकामावरचे आणि घरचेही वाहन आहे. फोर्ड कंपनीची एफ-मालिका त्या वर्गात कित्येक दशके खपात अग्रस्थानी राहिली असून, या ट्रकांच्या आधारावर आणखी एक मोठा बाजार उभा राहिला आहे, तो म्हणजे कारखान्याबाहेर तयार होणाऱ्या आणि मालकाने स्वतः पाने-पक्कड घेऊन बसवायच्या जोडउपकरणांचा. कापडी एअर फिल्टर, थंड हवेची नळी, थ्रॉटलखालचा स्पेसर, रुंद सायलेन्सर, ‘चिप’ अशा प्रत्येक वस्तूच्या खोक्यावर दहा-वीस अश्वशक्तीच्या वाढीचे आश्वासन छापलेले असते. या साऱ्यांची बेरीज खरी ठरली असती, तर मोटार कंपन्यांच्या अभियंत्यांना काम उरले नसते.

या दाव्यांची तपासणी करण्यासाठी इंजिनाची ताकद कशाने ठरते, हे प्रथम पाहावे लागते. पेट्रोल हवे तेवढे सोडता येते, परंतु एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते, आणि सिलिंडरांत किती हवा मावणार हे त्यांच्या आकारमानाने ठरलेले असल्यामुळे खरी मर्यादा हवेचीच असते. २०११ सालच्या एफ-१५० ट्रकमधील ५ लिटरचे व्ही-८ इंजिन, ज्यात हवा दाबून भरणारी कोणतीही यंत्रणा नव्हती, मिनिटाला ५५०० फेऱ्यांवर ३६० अश्वशक्ती देत असे. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच हवा घेतो, म्हणून या वेगाला सेकंदाला सुमारे २७० ग्रॅम हवा आत येते. तिच्याबरोबर १८ ग्रॅमच्या आसपास पेट्रोल जळून सुमारे ८०० किलोवॅट उष्णता निर्माण होते आणि तिचा साधारण एक-तृतीयांश भाग यांत्रिक कामात उतरतो. हे काम २७० किलोवॅटच्या जवळपास, म्हणजेच ३६० अश्वशक्तीइतके भरते. उरलेली उष्णता रेडिएटर आणि धुराच्या नळीवाटे बाहेर पडते.

आता फिल्टरचा दावा या हिशेबात बसवून पाहता येतो. पूर्ण थ्रॉटलवर स्वच्छ कागदी फिल्टर पार करताना हवेचा दाब २ किलोपास्कलने घटतो असे धरले, तर वातावरणाच्या १०१ किलोपास्कल दाबाच्या तुलनेत ही घट दोन टक्क्यांची होते. म्हणजे फिल्टर काढून फेकून दिला, तरी ३६० वर सात अश्वशक्तींपलीकडे लाभ संभवत नाही, आणि विकत घेतलेला नवा फिल्टर काही अगदीच बिनअडथळ्याचा नसतो. शिवाय हा लाभ पाय पूर्ण दाबलेला असतानाच मिळू शकतो. एरवी रस्त्यावर थ्रॉटलची झडप अर्धवट मिटलेली असते आणि हवेच्या वाटेतला सर्वांत मोठा अडथळा ती झडपच असते. अमेरिकी ऊर्जा विभागाच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये तुंबलेल्या फिल्टरांवर केलेल्या अभ्यासात ही गोष्ट स्पष्ट दिसली. संगणक-नियंत्रित पेट्रोल गाड्यांत तुंबलेला फिल्टर बदलल्याने इंधनाच्या खपात फरक पडला नाही, मात्र वेग पकडण्यास लागणारा वेळ ६ ते ११ टक्क्यांनी सुधारला. तो लाभ मळलेल्या फिल्टरच्या जागी स्वच्छ फिल्टर आल्याचा होता, साध्याच्या जागी महाग आल्याचा नव्हे.

थंड हवेच्या नळीमागील तत्त्व खरे आहे. हवेची घनता तिच्या निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, त्यामुळे आत येणारी हवा १० अंशांनी थंड झाली तर तिचे वस्तुमान सुमारे तीन टक्क्यांनी वाढते. अडचण एवढीच, की बहुतेक पिकअपमध्ये कंपनीची मूळ नळीच बॉनेटबाहेरची, पुढील जाळीजवळची किंवा मडगार्डमागची हवा घेते. तिच्या जागी बॉनेटखाली उघडा शंकू बसवला, तर इंजिनाला त्याचीच तापलेली हवा मिळण्याचा संभव असतो. आवाज मात्र भारदस्त होतो, आणि बरेच समाधान त्या आवाजाचे असते.

थ्रॉटल बॉडीखाली बसवायच्या स्पेसरचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. ही ॲल्युमिनियमची जाड चकती असून तिच्या आतल्या बाजूला सर्पिल खाचा असतात, आणि त्यांमुळे हवेत भोवरा निर्माण होऊन इंधन चांगले मिसळते, असा दावा केला जातो. कार्ब्युरेटरच्या काळात अशा चकतीला काही अर्थ होता, कारण तेव्हा इंधन वरूनच हवेत मिसळून खाली येत असे. आजच्या इंजिनांत पेट्रोल सिलिंडरच्या झडपेजवळ किंवा थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. ज्या जागी चकती बसते तेथे मिसळण्यासाठी इंधनच नसते, आणि निर्माण झालेला भोवरा पुढच्या मोठ्या पोकळीत विरून जातो. उरते ती केवळ शीळ.

स्वस्त ‘चिप’ म्हणून विकला जाणारा भाग अनेकदा काही पैशांचा रेझिस्टर असतो. आत येणाऱ्या हवेचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा रोध थंडीत वाढतो. त्याच्या जागी ठरावीक रोध जोडला, की संगणकाला हवा कायमची थंड असल्याचा भास होतो आणि तो थोडे जास्त इंधन सोडू लागतो. परंतु धुरातील ऑक्सिजन मोजणारा सेन्सर ही चूक ओळखतो आणि सामान्य चालीत इंधन पुन्हा जागेवर आणतो. खऱ्या उकाड्यात नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचे अवेळी भडकणे, टाळण्यासाठी संगणक ठिणगी उशिरा पाडतो. ते संरक्षणही या फसवणुकीमुळे दुबळे होते.

टर्बो डिझेल इंजिनाची गोष्ट निराळी असून, तेथे संगणकाची आज्ञावली बदलल्याने ताकद निर्विवाद वाढते. डिझेल इंजिन नेहमी गरजेपेक्षा जास्त हवेत चालते, म्हणून अधिक इंधन फवारले आणि टर्बोचा दाब वाढवला, की त्या शिल्लक हवेचा उपयोग होतो. ही शिल्लक कंपनीने विसरून ठेवलेली नसते. २०१९ सालच्या रॅम ट्रकांत ६.७ लिटरचे कमिन्स इंजिन पिकअपमध्ये ४०० अश्वशक्ती आणि १००० पाउंड-फूट टॉर्कपर्यंत मिळत होते, तर दिवसभर ओझे वाहणाऱ्या व्यावसायिक चॅसिसवर त्याच आकाराचे इंजिन ३६० अश्वशक्ती आणि ८०० पाउंड-फूटांवर रोखलेले होते. जेथे भार सतत राहणार, तेथे धुराचे तापमान, टर्बो आणि गिअरबॉक्स यांच्यासाठी राखीव अंतर अधिक ठेवावे लागते. बाहेरची आज्ञावली हेच अंतर खर्च करते.

याची दुसरी किंमत हवेला मोजावी लागते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, त्याआधीच्या दशकात साडेपाच लाखांच्या आसपास डिझेल पिकअपवरील प्रदूषण-नियंत्रण यंत्रणा काढून टाकण्यात आली होती, आणि त्यामुळे त्या गाड्यांच्या आयुष्यात ५.७ लाख टन अतिरिक्त नायट्रोजन ऑक्साइड हवेत जाणार होते.

मग इतके मालक फरक जाणवल्याचे शपथेवर का सांगतात? ॲक्सिलरेटरच्या तारेत जोडायच्या पेटीत याचे उत्तर सापडते. ती पेटी पाव पेडल दाबताच अर्धे दाबल्याचा संकेत देते. गाडी चपळ वाटते, पण पेडल तळाला टेकले की ताकद पूर्वीइतकीच असते. म्हणूनच मोजमाप डायनोवर, म्हणजे रुळांवर चाके फिरवून शक्ती नोंदवणाऱ्या यंत्रावर, एकाच दिवशी, इंजिन सारखेच तापलेले असताना, आणि नवा भाग काढून पुन्हा एकदा करावे लागते. लागोपाठच्या दोन फेऱ्यांतही एक-दोन टक्क्यांचा फरक सहज येतो, आणि फिल्टरची सारी कमाई त्या फरकात बुडून जाऊ शकते.

विशेष म्हणजे ओढण्याच्या ताकदीवर सर्वांत मोठा परिणाम इंजिनाबाहेरच होतो. ३१ इंचांऐवजी ३५ इंचांचे टायर बसवले, की रस्त्यावर मिळणारा जोर सुमारे ११ टक्क्यांनी घटतो. याउलट मागील ॲक्सलचा ३.५५ चा गिअर बदलून ४.१० चा घातला, तर तो १५ टक्क्यांनी वाढतो. उंच टायर हौसेने घालून गेलेला जोर फिल्टरमध्ये शोधणारे मालक कमी नाहीत.

महाराष्ट्रातील मालवाहू पिकअपच्या मालकांसाठी या विषयाला कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी-पुस्तकातील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाहून वेगळे पडतील असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ अधोरेखित केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरबदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. तुंबलेला एअर फिल्टर काढून कंपनीचाच नवा फिल्टर बसवण्यास मात्र कोणतीही आडकाठी नाही, आणि डिझेल पिकअपच्या काळ्या धुराचे एक नेहमीचे कारणही त्यामुळे दूर होते.