गाड्यावर नाव

‘केव्हां नावेवर गाडा, तर केव्हां गाड्यावर नाव’ ही म्हण आपण सर्वांनीं ऐकली आहे. मनुष्याचे दिवस कसे पालटतात हें सांगण्याकरितां ती योजितात. तिच्या पूर्वार्धाचा अनुभव कोंकणांतील खाड्या तरीनें ओलांडणारांस नित्याचा आहे; उत्तरार्धाचा मात्र आपल्याकडे विरळा. आपली होडी पाण्यांत लोटली कीं पावसाळ्यापर्यंत पाण्यांतच राहावयाची, आणि पावसाळ्यांत किनाऱ्यावर ओढून झांपांखालीं झांकून ठेवावयाची. परंतु अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशांत गाड्यावरची नाव ही सुटीच्या दिवसाची साधी गोष्ट आहे. तेथें सरोवरें व किनारे पुष्कळ, आणि होडी बंदरांत बांधून ठेवण्यास भाडें पडतें. म्हणून असंख्य कुटुंबें आपली होडी घराच्या अंगणांत ठेवितात व सुटी आली कीं ती चाकांच्या गाडीवर घालून मोटारीच्या मागें जोडून पाण्यावर नेतात. अमेरिकेंतील मिनेसोटा राज्याच्या मोटारींच्या पाट्यांवर तर ‘१०,००० सरोवरें’ असे शब्दच छापलेले असतात.

या गाडीस ट्रेलर म्हणतात. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे आप्त त्या देशांत स्थायिक झालेले आहेत, हें तिच्याविषयीं लिहिण्याचें एक कारण. दुसरें असें कीं, तरफ, गुरुत्वमध्य, समद्विभुज त्रिकोण हे जे विषय विद्यार्थी फळ्यावर पाहतात, त्यांवर येथें माणसांचे जीव अवलंबून असतात.

बाजारांत ट्रेलर मिळतो तो वजनाच्या आंकड्यावरून. अमुक किलोग्रॅमपर्यंतची होडी वाहील, एवढें विक्रेता सांगतो. पण सारख्या वजनाच्या दोन होड्यांचे तळ सारखे नसतात, व त्यांच्या एंजिनांचीं ओझींही सारखीं नसतात. म्हणून विकत आणलेला ट्रेलर हा शिवून तयार झालेला अंगरखा नव्हे. तो कच्चे टांके घातलेला अंगरखा होय, व तो होडीच्या अंगावर बसवून घ्यावा लागतो. त्याकरितांच त्याचे बहुतेक भाग यू आकाराच्या बोल्टांनीं आवळलेले असतात, आणि नट सैल केले कीं ते पुढेंमागें सरकवितां येतात. मात्र कोणता भाग आधीं सरकवावयाचा व कोणता नंतर, हा क्रम चुकला कीं एक दोष काढतांना दुसरा उत्पन्न होतो. आमच्या मतें या विषयाचें सर्व मर्म या क्रमांत आहे.

आरंभ होडीच्या तळापासून करावा. होडी पाण्यांत असतां पाणी तिच्या तळास सर्वत्र सारखें उचलून धरतें. गाडीवर तोच भार दोन-चार टेकूंवर येतो. हे टेकू म्हणजे गालिच्याचें कापड गुंडाळलेल्या लांब लांकडी फळ्या किंवा रबरी रूळ. त्यांपैकीं फळ्यांच्या ट्रेलराविषयींच येथें लिहितों. होडीच्या तळास आंतून बळकटी देणाऱ्या लांब तुळया असतात. फळ्या शक्य तों त्या तुळयांच्या खालीं याव्या. याहून महत्त्वाची गोष्ट मागील टोंकाची. बाहेरून लावण्याचें एंजिन होडीच्या मागच्या उभ्या फळीवर टांगलेलें असतें, म्हणजे सर्वांत मोठा एकवट भार तेथें असतो. टेकू त्या उभ्या फळीच्या थेट खालपर्यंत पोंचले पाहिजेत. ते वीतभर आंखूड पडले तर एंजिनाचा भार अधांतरीं राहतो, आणि रस्त्यावरील प्रत्येक गचक्यासरशीं तळ वांकतो. असें दीर्घकाळ चाललें म्हणजे फायबर ग्लासच्या तळास कायमची वांक येते. मग वेगानें जातांना होडीचें नाक पाण्यांत दाबलें जातें, व मालक बिचारा एंजिनाची तपासणी करीत बसतो.

तेव्हां होडीची जागा तिच्या मागील फळीनें ठरते, पुढच्या टोंकानें नव्हे. मागील बाजू टेकूंच्या शेवटाशीं नीट बसली, म्हणजे मग ट्रेलराच्या दांडीवरील उभा खांब सैल करून होडीच्या नाळेस भिडेपर्यंत आणावा. या खांबावर एक रबरी ठोकळा व होडी ओढून घेण्याचा हातरहाट असतो. नाळेवरील लोखंडी कडी ठोकळ्याच्या खालीं यावी, म्हणजे मोटार एकाएकीं थांबली तरी होडी ठोकळ्यावर चढत नाहीं.

आतां तोलाचा प्रश्न. हा आपल्या गाडीवानांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. बैलगाडींत मागें ओझें अधिक झालें कीं गाडी उलाळ होते. जूं वर उचललें जातें व बैलांच्या गळ्याखालचे दोर आवळतात. पुढें अधिक झालें कीं सारा भार बैलांच्या मानेवर येतो. गाडीवान पुस्तक उघडीत नाहीं. एक पोतें हातभर मागें किंवा पुढें सारतो आणि दांडी हातानें उचलून पाहतो. दांडीवर थोडा भार हवा, फार नको, हें त्याचें शास्त्र, व ट्रेलराचें शास्त्रही तेंच आहे.

मोटारीस मान नाहीं. मानेच्या ठिकाणीं तिच्या मागें एक पोलादी गोळा बसविलेला असतो, व ट्रेलराच्या दांडीच्या टोंकाची टोपी त्यावर बसते. या गोळ्यावर किती भार पडावा? अमेरिकेंत सामान्य ट्रेलरांस एकंदर वजनाच्या शेंकडा १० ते १५ इतका भार सांगतात. होड्यांच्या ट्रेलरांस पुष्कळ कारखानदार त्याहून कमी, म्हणजे शेंकडा ५ ते १० पुरेसा मानितात. युरोपांत ५ ते ७ हें प्रमाण रूढ आहे. शिवाय गोळ्यावर अधिकांत अधिक किती भार चालेल तें मोटारीच्या कारखानदारानें ठरवून दिलेलें असतें, आणि ती मर्यादा कोणत्याही शेंकडेवारीपेक्षां श्रेष्ठ समजावी.

एक उदाहरण करून पाहूं. होडी, एंजिन व तेल मिळून ७५० किलोग्रॅम, ट्रेलर २५०, एकूण १,०००. गोळ्यापासून आंसापर्यंत अंतर ५ मीटर, आणि सगळ्या ओझ्याचा गुरुत्वमध्य आंसाच्या पुढें ४० सेंटिमीटरांवर. तरफेच्या नियमानें गोळ्यावरील भार १,००० × ०.४ ÷ ५, म्हणजे ८० किलोग्रॅम झाला. शेंकडा ८, उत्तम. आतां पट्टे ढिले राहून होडी २० सेंटिमीटर मागें सरली असें समजा. ७५० × ०.२ ÷ ५ म्हणजे ३० किलोग्रॅम कमी झाले व ५० उरले. ती ६० सेंटिमीटर सरली तर ९० कमी होतील. ८० मधून ९० कसे वजा करावे? गोळ्यावर भार तर नाहींच, उलट दांडी १० किलोग्रॅमच्या जोरानें मोटारीचें शेपूट वर उचलूं लागते. गाडी उलाळ झाली.

भार मोजण्यास मोठें यंत्र लागत नाहीं. प्रवासास जावयाच्या वेळीं असेल तेवढें सर्व तेल व सामान होडींत भरावें, ट्रेलर सपाट जागीं उभा करून चाकांस ओट लावावे, आणि माणसांचें वजन करण्याच्या साध्या कांट्यावर लांकडी ठोकळा ठेवून दांडीचें टोंक त्यावर टेकवावें. मात्र टोंकाची उंची मोटारीच्या गोळ्याइतकीच असावी, नाहीं तर आंकडा खोटा येतो. भार कांट्याच्या आवांक्याबाहेर असेल तर एका फळीचें एक टोंक विटेवर व दुसरें कांट्यावर ठेवावें, दोहोंमध्यें ९० सेंटिमीटर अंतर राखावें, आणि दांडी विटेपासून ३० सेंटिमीटरांवर टेकवावी. कांटा तिसरा हिस्सा दाखवील. फळीचें वजन आधीं वजा करून त्याची तिप्पट करावी. आठव्या इयत्तेंतील मुलगा हें आपल्या काकांस करून दाखवूं शकेल.

भार अधिक भरला कीं पुष्कळ लोक रहाट सैल करून होडीच थोडी मागें सरकवितात. कांट्यावर आंकडा सुधारतो. पण मागील फळी टेकूंच्या बाहेर लोंबकळूं लागते, व आधीं केलेलें सर्व काम फुकट जातें. होडी एकदां बसविली म्हणजे तिला हात लावूं नये. सरकवावयाचा तो आंस. गोळ्यावर भार अधिक असेल तर आंस पुढें घ्यावा, कमी असेल तर मागें न्यावा. वरील उदाहरणांत आंस अवघा १० सेंटिमीटर पुढें घेतला तर ८० चे सुमारें ६१ किलोग्रॅम होतात. यावरून बोटभर फरकाचें मोल ध्यानांत येईल. होडी उतरवून, सांगाडा भक्कम आधारावर टेकवूनच हें काम करावें. आंस हलविल्यावर गोळ्याच्या मध्यापासून आंसाच्या दोन्ही टोंकांपर्यंत फितीनें मोजावें. दोन्ही अंतरें समान असलीं म्हणजे त्रिकोण समद्विभुज झाला व आंस दांडीशीं काटकोनांत आला. तीं समान नसतील तर ट्रेलर खेंकड्यासारखा तिरका चालतो आणि टायर लवकर झिजतात.

इतका खटाटोप कशासाठीं, तें मोकळ्या रस्त्यावर समजतें. वारा, खड्डा किंवा शेजारून गेलेली मोठी मालमोटार यांनीं ट्रेलर थोडासा बाजूस ढकलला जातो. ओझें पुढें असेल तर त्याचा प्रत्येक हेलकावा आधींच्यापेक्षां लहान होत होत विरून जातो. ओझें मागें असेल तर कांहीं एका वेगापर्यंत तसेंच दिसतें. तो वेग ओलांडला कीं प्रत्येक हेलकावा आधींच्यापेक्षां मोठा होतो, आणि थोड्याच हेलकाव्यांत ट्रेलर मोटारीसही आपल्याबरोबर फिरवितो. फसगत होते ती येथेंच. गांवांतल्या रस्त्यावर तीच गाडी अगदीं शहाणी वाटते. सरकत्या पट्ट्यावर खेळण्यांतली मोटार व तिच्यामागें दोन चाकांची गाडी ठेवून, गाडींतील वजन पुढेंमागें केलें तर हा चमत्कार टेबलावर दिसतो. विज्ञानमंडळानें तो अवश्य करून पाहावा. प्रत्यक्षांत असा प्रसंग आला तर चालकानें वेगाची कळ सोडावी, सुकाणूचक्र सरळ व स्थिर धरावें, आणि मोटारीस आपोआप मंद होऊं द्यावें. जोरानें ब्रेक दाबणें किंवा हेलकाव्याच्या उलट चक्र फिरवीत राहणें हे दोन्ही उपाय घातक आहेत. उलटपक्षीं गोळ्यावर भार फारच झाला तर मोटारीचें मागचें अंग बसतें, पुढचीं चाकें हलकीं होतात, आणि सुकाणू व ब्रेक दोन्ही मंदावतात.

गोळा व टोपी यांचें माप जुळलें पाहिजे, हें सांगण्याची गरज नसावी. पण ती आहे. अमेरिकेंत गोळे १⅞, २ व २ ५/१६ इंचांचे मिळतात. ऑस्ट्रेलियांत व युरोपांत ५० मिलिमीटरांचा गोळा प्रचारांत आहे. दोन इंची टोपी १⅞ इंची गोळ्यावर बसते, कडीही लागते, सर्व ठीक दिसतें. पहिल्या मोठ्या गचक्यास ती उडून येते. म्हणून आंकडा पाहावाच, आणि कडी लावल्यावर दांडीचा जॅक फिरवून दांडी वर उचलून पाहावी. मोटारीचें मागचें अंग तिच्याबरोबर उचललें गेलें तर पकड खरी. त्याउपर दोन साखळ्या असतात. त्या दांडीच्या खालून एकमेकींस छेदून अडकवाव्या, म्हणजे टोपी निसटली तरी दांडी जमिनींत न रुततां साखळ्यांच्या झोळींत पडते. होडीस रहाटाचा एकटा पट्टा पुरत नाहीं. नाळेस वेगळी साखळी व मागील दोन्ही कोपऱ्यांस ताणून बांधलेले पट्टे हवेत.

दिवे तर हवेतच. आपल्याकडे ऊंसाच्या हंगामांत एकेका ट्रॅक्टरामागें दोन-दोन ट्रॉल्या रात्रीं रस्त्यानें जातात. त्यांतील कित्येकांस मागें दिवा नसतो कीं चकाकणारी पट्टीही नसते, आणि अंधारांत त्यांवर आदळून माणसें दगावल्याच्या बातम्या दर हंगामांत येतात. ज्यांच्या घरीं ट्रॉली आहे त्यांनीं हा लेख वाचून होडीचा विचार न करितां ट्रॉलीचा केला तरी आमचें कांहीं म्हणणें नाहीं.

आतां एकट्या होडीच्याच ट्रेलरास भोगावी लागणारी एक पीडा. इतर गाड्या पाणी चुकवितात. हा मुद्दाम पाण्यांत शिरतो. लांबून आलेल्या ट्रेलराच्या चाकांचे तुंबे तापलेले असतात. ते थंड पाण्यांत बुडतांच आंतील हवा आकसते व फटींतून पाणी आंत ओढून घेते. वंगण बिघडतें, पोलादी गोळ्या गंजतात, आणि पुढें एके दिवशीं भर रस्त्यांत चाक जाम होतें. यास्तव पाण्यापाशीं पोंचल्यावर थोडा वेळ थांबून तुंबे निवूं द्यावे, दिव्यांची तार मोटारीपासून सोडवावी, मगच ट्रेलर पाण्यांत उतरवावा. परतीच्या वेळीं होडीच्या तळाचें बूच काढून आंतील पाणी वाहूं द्यावें. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलोग्रॅम. चढावर तें सारें मागें धांवतें, आणि नीट तोललेली गाडी पुन्हां उलाळ होते. मिनेसोटांत तर हें बूच काढून ठेवूनच होडी रस्त्यानें नेली पाहिजे असा कायदा आहे, पण त्याचें कारण निराळें: १९८९ सालीं तेथील डुलुथच्या बंदरांत पट्टेदार परदेशी शिंपले आढळले, व सांचलेल्या पाण्याबरोबर त्यांचीं पिल्लें एका सरोवरांतून दुसऱ्यांत जातात.

निघाल्यावर पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरांनंतर सुरक्षित जागा पाहून मोटार बाजूस घ्यावी. पट्टे पुन्हां ताणावे, साखळ्या पाहाव्या, आणि दोन्ही चाकांच्या तुंब्यांवर हात धरावा. ते कोमट असावे व दोन्ही सारखेच कोमट असावे. एक हात लावण्याजोगा व दुसरा चटका देणारा असेल, तर पुढें न जातां तें चाक खोलून पाहावें.