सोलापूरचें एक वर्ष



एखाद्या लोकसमूहाचा स्वभाव ओळखावयाचा असेल, तर त्याचा हजार वर्षांचा इतिहास वाचण्यापेक्षां त्याच्या आयुष्यांतलें एखादेंच वर्ष नीट न्याहाळावें, असें मला वाटत आलें आहे. आयर्लंडच्या लोकांना विचाराल तर ते १९१६ सालाकडे बोट दाखवितील. त्या वर्षीं ईस्टरच्या सोमवारीं, २४ एप्रिल रोजीं, पाट्रिक पिअर्स नांवाच्या एका शाळामास्तरानें डब्लिनच्या मोठ्या पोस्ट ऑफिसपुढें उभें राहून आयरिश प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला. सोलापूरकरांना विचाराल तर त्यांचें वर्ष २६ जानेवारी १९३० ला सुरू होतें आणि बरोबर बारा महिन्यांनीं, २६ जानेवारी १९३१ ला संपतें. या दोन्हीं टोकांचा अर्थ ओघानें येईलच.

त्या वेळचें सोलापूर म्हणजे सुमारे दीड लाख वस्तीचें गिरणगांव. १८७७ सालीं जुनी गिरणी सुरू झाली. मागाहून नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णु अशा गिरण्या उभ्या राहिल्या. दुष्काळी खेड्यांतून आलेला मराठी मजूर, तेलुगु बोलणारा पद्मशाली विणकर, कानडी बोलणारा लिंगायत व्यापारी आणि उर्दू बोलणारा मुसलमान कारागीर असे सारे एकाच भोंग्यावर उठत व एकाच भोंग्यावर घरीं परतत. आज त्या गिरण्या बंद पडल्या आहेत. परंतु त्या वर्षाची गोष्ट समजावयाची तर तो भोंगा कानांत ठेवूनच ऐकावी लागते. मोर्चे, हरताळ, सभा यांना लागणारी माणसें त्या भोंग्यानें आधींच एकत्र आणून ठेवलीं होतीं.

२६ जानेवारी १९३० रोजीं देशभर पूर्ण स्वातंत्र्याची प्रतिज्ञा घेतली गेली. ६ एप्रिल रोजीं गांधीजींनीं दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचललें आणि त्याच दिवशीं सोलापूरच्या नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रीय ध्वज चढला. आज आपल्याला यांत विशेष कांहीं वाटणार नाहीं. त्या काळीं मात्र सरकारी कायद्यानें चालणाऱ्या संस्थेनें आपल्या छपरावर सरकारविरुद्ध निशाण लावणें ही लहान गोष्ट नव्हती.

पुढें ५ मेच्या मध्यरात्रीनंतर गांधीजींना कराडी येथें पकडलें. ती बातमी येतांच सोलापूरच्या गिरण्या ओस पडल्या. ८ मे रोजीं रूपाभवानीच्या बाजूला लोकांचा मोठा जमाव जमला व दारूबंदीच्या चळवळीचा भाग म्हणून शिंदीचीं झाडें तोडूं लागला. पोलिसांनीं कांहींजणांना पकडलें, लोकांनीं त्यांना सोडण्याचा आग्रह धरला, कलेक्टर नाइट जागेवर आले. त्या प्रसंगीं मल्लप्पा धनशेट्टी यांनीं मध्यें पडून जमावाला आवरलें व कलेक्टरांचा जीव वांचविला, असें सोलापुरांत आजही सांगतात. इतक्यांत ध्वज घेऊन पुढें धावलेला शंकर शिवदारे हा तरुण गोळीनें पडला. त्यानंतर जें घडलें तें कोणा पुढाऱ्याच्या हातांत राहिलें नाहीं. पोलीस चौक्या पेटल्या, न्यायालयाची इमारत जळाली, आणि मंगळवार पेठेंतील चौकीवरच्या पोलीस शिपायांना जमावानें ठार मारून जाळलें.

येथें मला थोडें थांबावेंसें वाटतें. आपल्या गांवच्या या वर्षाविषयीं बोलतांना वक्ते बहुधा मंगळवार पेठ ओलांडून झपाट्यानें पुढें जातात. ते शिपाईही याच मुलखांतले, तुटपुंज्या पगाराचे, घरीं बायकामुलें असलेले. गोळीबारानें लोक चवताळले हें खरें. परंतु वर्ष सांगावयाचें तर तें सगळें सांगावें. शिवाय हा भाग वगळला तर वर्षाचा शेवटही उमजत नाहीं.

पोलीस शहर सोडून गेले. ९ ते १२ मे या दिवसांत सोलापूरच्या पेठांतून इंग्रजी अंमल प्रत्यक्षांत उरला नव्हता. सोलापूरकर या दिवसांना अभिमानानें ‘चार दिवसांचें स्वातंत्र्य’ म्हणतात. रामकृष्ण जाजू, तुळशीदास जाधव आदि काँग्रेसच्या कार्यकर्त्यांच्या स्वयंसेवकांनीं रस्त्यावरची रहदारी सांभाळली व गस्त घातली. मला या दिवसांचें मोल जाळपोळीपेक्षां या गस्तीमुळें अधिक वाटतें. जाळावयास एक रात्र पुरते. दुसऱ्या दिवशीं चौकांत उभें राहून टांग्यांना वाट दाखवावयास निराळें धैर्य लागतें.

सरकारलाही तेंच अधिक झोंबलें असावें. १२ मे रोजीं लष्करी कायदा पुकारला गेला आणि पोलिसांचें काम करूं पाहणाऱ्या, रहदारी नियंत्रित करणाऱ्या स्वयंसेवकांनाही त्यानें गुन्हेगार ठरविलें. ध्वज उतरला. गांधी टोपी घालून रस्त्यानें जाणें हें संकट झालें. छातीवर बंदूक रोखली तरी तुळशीदास जाधवांनीं टोपी काढली नाहीं, असें सांगतात. जाजूंसारखे पुढारी तुरुंगांत गेले. ३० जूनपर्यंत, सुमारे सात आठवडे, शहर असें दबून राहिलें.

तारखेचा एक योगायोग येथें सांगण्यासारखा आहे. चौदा वर्षांपूर्वीं याच १२ मे रोजीं डब्लिनच्या किलमेनहॅम तुरुंगांत जखमी जेम्स कॉनली यांना खुर्चीला बांधून गोळ्या घातल्या. ३ मे पासून त्या तुरुंगांत चौदा व कॉर्क शहरांत एक असे पंधरा पुढारी जनरल मॅक्सवेल यांच्या लष्करी अंमलांत मारले गेले. मात्र दोन्हीं ठिकाणच्या लोकांची रीत उलट होती. डब्लिनचा उठाव थोड्या माणसांनीं आंखलेला. त्या आठवड्यांत सुमारे ४८५ माणसें मेलीं, त्यांत निम्म्याहून अधिक सामान्य नागरिक; शरण आलेल्या बंडवाल्यांना कैद करून नेतांना कित्येक डब्लिनकरांनीं त्यांची हुर्यो केली. लोकमत फिरलें तें गोळ्या झाडल्यावर. आणि १९१८ च्या निवडणुकींत शिन फेनला १०५ पैकीं ७३ जागा मिळाल्या. तेथें पुढारी पुढें गेले व लोक मागून आले. सोलापुरांत आंखणी कोणाचीच नव्हती. लोक पुढें निघाले आणि पुढारी त्यांना आवरीत मागून धावले. म्हणूनच आवरणारा मनुष्य फांसावर गेला ही गोष्ट या गांवाला इतकी बोंचली.

पोलिसांच्या खुनाबद्दल चौघांना फांशीची शिक्षा झाली: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. धनशेट्टी लिंगायत, सारडा मारवाडी, शिंदे मराठा, कुर्बान हुसेन मुसलमान. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नांवाचें पत्र चालवीत. वय विशीच्या आसपास. गिरणगांवचा जणूं एकेक मोहल्ला त्या आरोपींच्या पिंजऱ्यांत उभा होता. चौघे निरपराध आहेत अशी गांवाची ठाम समजूत होती व आजही आहे. जमावाच्या कृत्याबद्दल व्यक्तीला शिक्षा देतांना न्यायाची कसोटी लागते. कारण जमावाला चेहरा नसतो आणि फांसाला मात्र मान लागते. दयेचे अर्ज फेटाळले गेले.

१२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत चौघांना फांशी दिलें. संक्रांत तोंडावर आलेली, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस. तळ्याकांठच्या देवळाकडे नंदीध्वज मिरवीत नेण्याच्या त्या सणांत ही बातमी सोलापूरच्या घराघरांत पोंचली.

ज्यांच्या अटकेपासून हें सारें सुरू झालें ते गांधीजीही त्या वेळीं येरवड्याच्याच तुरुंगांत होते. चौदा दिवसांनीं, २६ जानेवारी रोजीं, स्वातंत्र्याच्या प्रतिज्ञेला एक वर्ष पुरें झालें त्याच दिवशीं, त्यांची सुटका झाली. ५ मार्चला व्हाइसरॉय आयर्विन यांच्याशीं करार होऊन हिंसेचा आरोप नसलेल्या सत्याग्रही कैद्यांना तुरुंगाचीं दारें उघडलीं गेलीं.