मालगुजारी गेली, सारस उरला

पुरुषभर उंचीचा, राखी अंगाचा आणि तांबड्या मानेचा सारस गोंदियाकडील धानाच्या बांधीत उभा असला, म्हणजे दुरून पाहणाऱ्यास कोणी शेतकरीच पाणी पाहावयास आला आहे असे वाटते. उडणाऱ्या पक्ष्यांत याच्याइतका उंच पक्षी पृथ्वीवर दुसरा नाही. जहांगीर बादशहाने लैला आणि मजनू या नावांची सारसांची जोडी पाळली होती, आणि मादी रात्रभर अंड्यांवर बसते व नर शेजारी पहारा देतो इथवरचा तपशील त्याने आपल्या आत्मचरित्रात असा टिपून ठेवला आहे, की राज्यकारभाराला या गृहस्थास सवड केव्हा मिळत असे, असा प्रश्न पडावा.

महाराष्ट्रात हा पक्षी आता जवळजवळ गोंदिया जिल्ह्यापुरताच उरला आहे. भंडाऱ्यात तुरळक दिसतो, आणि वाघ व वैनगंगा या नद्या ओलांडून मध्य प्रदेशातील बालाघाटच्या शिवारात त्याची ये-जा चालते. दरसाल उन्हाळ्याच्या अखेरीस होणाऱ्या गणनेत अलीकडे गोंदियाचा आकडा तीस-चाळीसच्या घरातच घुटमळतो.

त्याचे खरे घर म्हणजे 'मामा तलाव', अर्थात माजी मालगुजारी तलाव. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने बांधलेल्या या तलावांची पाळ दुरुस्त ठेवणे, गाळ उपसणे आणि पाण्याची वाटणी करणे ही कामे मालगुजाराच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या गावमालकाच्या, देखरेखीखाली रयतच करीत असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, ते योग्यच झाले. परंतु तलाव सरकारजमा होताच त्यांची निगा मात्र कोणाच्याच दप्तरी राहिली नाही. गाळ साचला, बेशरमाच्या झुडपांनी काठ गिळले, आणि ज्या देवधानावर व कंदांवर सारस जगतो ती उथळ पाण्यातील वनस्पती मासेमारीच्या सोयीसाठी उपटली गेली.

मग सारस शेतात शिरला. पावसाळ्यात, ऐन रोवणीनंतर, जोडी बांधीतच लव्हाळे आणि धानाची रोपे उपटून हातभर उंचीचा ढीग रचते, त्यावर बहुधा दोन अंडी घालते आणि महिनाभर ती आळीपाळीने उबवते. तेवढ्या तुकड्यातले पीक जाते. दोन-चार बांध्यांच्या धन्याला हे नुकसान सोसत नाही, आणि अंडी फोडली जातात. यातून पिल्लू वाचलेच, तर कीटकनाशके, मोकाट कुत्री आणि शिवारावरून गेलेल्या विजेच्या तारा त्याची वाट पाहतच असतात. एवढ्या रुंद पंखांच्या पक्ष्याला ऐन उड्डाणात तार चुकविणे साधत नाही.

गोंदियातील 'सेवा' या संस्थेचे कार्यकर्ते शेतकऱ्यांची समजूत घालून घरटी राखतात, आणि २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रश्नाची आपणहून दखल घेतली. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतही आता सारसाचे नाव आहे. पण अंडी अनुसूचीत घातली जात नाहीत, ती बांधीत घातली जातात. तेव्हा ज्याच्या बांधीत घरटे आहे, त्याच्या हाती नुकसानभरपाई धान कापणीला येण्यापूर्वी पडावी, एवढी व्यवस्था सरकारने आधी करावी.